अप्पांचे बारा ब्रेक

आमच्या दूध संघात पाच ड्रायव्हर होते. चौघे गाडी चालवायला आणि माणिकअप्पा थांबवायला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. अप्पांना त्याचा राग येत नसे. उलट ते खूश व्हायचे. म्हणायचे, "चालवायचं काय कौतुक, ल्याबबाई? उतारावर दगूड बी चालतो."

ल्याबबाई म्हणजे मी. बीडच्या बाहेर, पाली गावाच्या वाटेवर आमचा संघ होता आणि त्यातल्या पत्र्याच्या एका खोलीला प्रयोगशाळा म्हणत. काचेच्या नळ्या, आम्लाची बाटली, लॅक्टोमीटर आणि मी, एवढीच ती प्रयोगशाळा. दुधात फॅट किती आणि पाणी किती हे सांगणं माझं काम. त्या कामाने माणूस संशयी होतो, मी तर जन्मतःच होते. सगळ्या संघात एकटी बाई, त्यात दुधाला नावं ठेवणारी, म्हणून माझ्याशी कुणी फारसं गोड बोलत नव्हतं. अप्पांनी पहिल्या आठवड्यात मला नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. पुढे माझ्या सासरी तलवाड्यालाही काही लोक मला ल्याबबाईच म्हणू लागले.

अप्पा उमापूरचे. घरचं किराणा दुकान, चांगलं चाललेलं, तिघे भाऊ. दोघे गल्ल्यावर बसले आणि हा मधला स्टेअरिंगवर बसला, याचं त्यांच्या घरी कायम दुःख होतं. अप्पांना विचारलं तर ते सांगायचे की एका जागी बसून राहायला आपल्याला जमत नाही. बुटका, काटक माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाकी सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग, डोळे कायम अर्धवट मिटलेले. गाडीत बसले की पहिल्यांदा चपला काढायचे आणि सीटखाली सारायचे. उन्हाळा असो की थंडी, पेडलवर पाय उघडाच. चपलेच्या कातड्यातून ब्रेक कळत नाही म्हणायचे. हॉर्न तर ते वाजवतच नसत. हॉर्न म्हणजे दुसऱ्याला सांगणं की तू थांब, असा त्यांचा हिशोब. आपण थांबायचं सोडून लोकाला कशाला सांगायचं?

आमची गट्टी जमली ती नाकावरून. मी कॅनचं झाकण उघडून दुधाचा वास घ्यायचे आणि अप्पा गाडीवरून उतरले की वाकून चाकाचा वास घ्यायचे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा हसू आवरेना. पण मग कळलं की ब्रेक धरून बसला असेल, त्याचा आतला घासणारा लायनर जळत असेल, तर ते त्यांना वासावरून समजतं. नाकावर पोट भरणारी संघात आम्ही दोघंच.

आणि त्यांचे ते बारा ब्रेक.

नवीन गाडी आली किंवा जुन्या गाडीला नवे लायनर बसवले, की अप्पा ती गाडी कामाला लावू द्यायचे नाहीत. आधी पालीच्या अलीकडे जो सरळ, थोडा चढाचा तुकडा आहे, तिथं न्यायची. चाळीसपर्यंत पळवायची, मग जोरात ब्रेक दाबायचा, आत बसलेल्याचं कपाळ पुढे आपटेल इतका जोरात. पण पुरती थांबवायची नाही. दहावर आली की पाय काढायचा, पुन्हा पळवायची, पुन्हा दाबायचा. असं बारा वेळा. मग ब्रेकला पाय न लावता तीन-चार मैल नुसती चालवत राहायची, वारा खाऊ द्यायचा. त्याशिवाय लायनर बसत नाही, आणि न बसलेला लायनर ऐन घाटात दगा देतो, असं ते सांगायचे. एक नियम ते घोकून घ्यायचे. तापल्या ब्रेकवर गाडी उभी करायची नाही. उभी केली की तापलेलं तिथंच चिकटतं.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. कुणाशी वाजलं, राग आला, की अप्पा एक शब्द न बोलता उठायचे आणि दूध उतरवायच्या ओट्याला फेऱ्या मारायचे. पाच फेऱ्या, दहा फेऱ्या. मग येऊन बसायचे आणि चहा मागायचे. चहासुद्धा चालत प्यायचे. आम्ही त्यांच्या फेऱ्या मोजून कुणावर किती राग आहे ते ठरवत असू.

आमच्या चेअरमननी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, नवी पांढरी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट संघात पुष्कळ वर्षं चघळली गेली. संघाची निवडणूक तोंडावर होती आणि गाडी लोकांना दिसणं गरजेचं होतं. अंगणात पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, भटजींनी अकराच्या आत घाटापलीकडच्या देवाला गाडी न्यायला सांगितली. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर आजारी, म्हणून अप्पांना बोलावलं. मागच्या सीटवर भाऊसाहेबांची म्हातारी आई, तिच्याजवळ पेढ्यांचा डबा धरून मी. पालीच्या अलीकडे अप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं.

भाऊसाहेबांना आधी काही समजेना. समजलं तेव्हा त्यांचा पारा चढला. मुहूर्त टळेल, आधी देव मग तुझा ब्रेक, असं ते ओरडून सांगत होते. अप्पा चपला काढत म्हणाले, "देव घाटापलीकडं हाय, सायेब. मधी घाट हाय."

त्या वेळी भाऊसाहेबांशी असं बोलायची छाती दुसऱ्या कुणाला नव्हती. म्हातारीला चिंचेखाली बसवलं. भाऊसाहेब रस्त्याच्या कडेने येरझाऱ्या घालायला लागले. मला मात्र अप्पांनी उतरू दिलं नाही. मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसायला लावलं. मग तो हार घातलेला गाडीचा नवरदेव चाळीसने पळायचा आणि गचका खाऊन थांबल्यासारखा व्हायचा. झेंडूच्या पाकळ्या काचेवरून उडत होत्या, पेढे डब्यात एकमेकांवर आपटून त्यांचा गोळा झाला होता. मुहूर्त गेला. पुढे घाट उतरताना वळणावर मेंढ्यांचा अख्खा कळप रस्त्यात बसलेला. अप्पांनी पाय दाबला आणि गाडी मेंढ्यांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. मग म्हातारी म्हणाली, "भाऊ, मुहूर्त व्हता का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. ब्रेक व्हता." भाऊसाहेबांनी त्यानंतर अप्पांना कधी अडवलं नाही.

पण मला उलटं तोंड करून का बसवलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ते काम मग माझंच झालं. गावोगावच्या दूध केंद्रांवर नमुने तपासायला मी अप्पांच्या जीपमधून जायचे. लायनर बदलले असले की बारा ब्रेक आलेच. मी जीपच्या मागच्या बाकावर फळीला धरून, तोंड मागे करून बसायचं. दर ब्रेकच्या आधी अप्पा विचारायचे, "मागं कोन हाय?" मी बघून सांगायचं, कुणी नाही. मग ते दाबायचे. लांब कुठं बैलगाडीचा ठिपका दिसला आणि मी सांगितला तर ती जवळ येऊन, पुढे निघून, दिसेनाशी होईपर्यंत ते वाट बघायचे. बारा ब्रेकला कधीकधी दीड तास लागायचा. आरशात बघता येत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले की आरशात जवळचा माणूस दिसत नाही.

माझ्या जिभेला हाड नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे बसलेले असताना मी म्हटलं, अप्पांना सारखं मागे बघावं लागतं, त्यांच्या घरच्या काकू कुठल्या झाडाआडून पाळत तर ठेवत नाहीत ना? सगळे हसले. अप्पाही हसले. मग डबा तसाच झाकून उठले आणि ओट्याला फेऱ्या मारायला लागले. मी मोजत होते. त्या दिवशी फेऱ्या संपल्याच नाहीत. सुट्टी संपली, आम्ही कामाला लागलो, तरी ते चालतच होते.

चार दिवसांनी ते तापाने पडले म्हणून मी त्यांच्या घरी गेले. संघाच्या मागेच दोन खोल्या. अप्पा झोपलेले. काकू चुलीपुढे बसून हलक्या आवाजात बोलत होत्या. बोलता बोलता मी माझी ती थट्टा सांगून टाकली आणि अप्पा रागावलेत का विचारलं. काकूंनी तवा खाली उतरवला. मग जे सांगितलं ते असं.

मी नोकरीला लागायच्या आठ वर्षं आधी संघाने पहिली नवी जीप घेतली होती. पालीचा लक्ष्मण रोज सायकलला दोन कॅन लावून दूध घेऊन यायचा आणि रिकामे कॅन घेऊन परत जायचा. परतताना चढ. पालीकडचे सगळेच दूधवाले चढावर एखादी गाडी हळू झाली की तिच्या मागच्या फळीला एका हाताने धरायचे आणि तेवढा चढ फुकट काढायचे. दुसरे ड्रायव्हर त्यांना शिव्या द्यायचे. अप्पा मात्र चढावर दूधवाला दिसला की मुद्दाम गाडी हळू करायचे. धर म्हणायचे. चढ संपेपर्यंत बैलाच्या चालीने चालवायचे.

त्या दिवशी अप्पा एकटेच नव्या जीपचे ब्रेक बसवत होते. चाळीस, मग दहा. चाळीस, मग दहा. लक्ष्मण मागून येत होता. जीप दहावर आली. त्याला वाटलं, अप्पांनी आपल्यासाठी गाडी हळू केली. त्याने फळीला धरलं. अप्पांनी पुन्हा पळवली. त्याला सोडता आलं नाही, की सोडायची भीती वाटली, की मजा वाटली, ते कुणाला सांगता येणार? आणि अप्पांनी ब्रेक दाबला.

तो जागीच गेला. दोन लहान पोरी आणि बायको गयाबाई मागे राहिल्या. पोलिसांनी अप्पांची चूक नाही म्हणून लिहून दिलं. संघानेही तेच म्हटलं. गावातलं कुणी त्यांना बोल लावला नाही. काकू म्हणाल्या, "कुनी मारलं आसतं तर बरं झालं आसतं, बाई. सगळे म्हनले तुमची चूक न्हाई. मंग चूक ठिवायची कुठं?"

मी विचारलं की मग अजून ब्रेक बसवायला त्याच रस्त्यावर कशाला जातात? काकू म्हणाल्या की मीही हेच विचारते. ती जागा सोडली तर पळून गेल्यासारखं होईल, असं सांगतात.

मी घरी आले आणि मला माझीच शिसारी आली. दुधातलं चमचाभर पाणी ओळखणारी मी, रोज त्या माणसाच्या मागे बसून रस्ता बघत होते आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

मग आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. पालीचं सगळं दूध गावच्या केंद्रावर गोळा व्हायचं, पण गयाबाईचा कॅन अप्पा तिच्या दारावरून स्वतः उचलत. जीप वेशीजवळच उभी करून चालत जात. कॅन ओट्यावर ठेवलेला असे, दार लोटलेलं. अप्पा भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलत, आदल्या दिवशीचा रिकामा, धुतलेला, तिथं ठेवत. हाक नाही, खाकरणं नाही. लोटलेल्या दारामागे गयाबाई उभी असायची हे मागोमाग गेलेल्या मला फटीत दिसणाऱ्या तिच्या लुगड्यावरून कळायचं. तिचं दूध मी शेकडो वेळा तपासलं असेल. पाण्याचा थेंब कधी सापडला नाही. इतक्या वर्षांत ती अप्पांशी एक शब्द बोलली नव्हती, वाईटसुद्धा. अप्पांना तिच्याकडून माफी नको होती, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. त्यांना वाटायचं तिने एकदा काहीतरी म्हणावं. शिवी दिली तरी चालेल, पण म्हणावं.

मग तो दुष्काळ पडला. बिंदुसरेचं धरण आटून तळाला भेगा पडल्या. गुरं छावणीत गेली, दूध आटलं आणि माझ्या नळ्यांवर धूळ बसायला लागली. छावणी संघाकडेच होती. दुधाचा टँकर धुऊन आम्ही पाण्याला लावला आणि मी फॅट मोजायचं सोडून पाणीवाटपाला उभी राहायला लागले. ऐन चैत्रात आमचा जुना टँकर घाटात मोडून पडला. घाटावरच्या वस्त्यांना तीन दिवस पाणी गेलं नाही. चौथ्या दिवशी नवा टँकर आला. भाऊसाहेबांनी अप्पांना बोलावून सांगितलं की धरणाखालच्या विहिरीवर भरून घे आणि थेट वर जा. अप्पा म्हणाले, बारा ब्रेक मारून जातो.

पालीच्या रस्त्यावर सकाळपासून माणसं घागरी घेऊन बसली होती. त्यांनाही त्याच टँकरमधून पहिली खेप मिळायची होती. त्यांच्या डोळ्यांदेखत तो नवा कोरा टँकर रिकामाच समोरून पळाला, गचका खाऊन हळू झाला, पुन्हा पळाला. तीन वेळा त्यांनी पाहिलं. चौथ्या वेळी माणसं उठली. टँकर हळू झाला की पाणी मिळणार असं वाटून की संतापून, कोण जाणे, बाया-माणसं घागरी घेऊन त्याच्या मागे पळायला लागली. दोघेतिघे मागच्या नळाला लोंबकळले.

मी केबिनमधून वाकून मागे बघत होते. अप्पांनी विचारलं, "मागं कोन हाय?" मी सांगितलं, "सगळं गाव आहे, अप्पा."

अप्पांनी गाडी हळूहळू नुसती सरकत नेऊन उभी केली. ब्रेकला पायच लावला नाही. मग त्यांचे हात स्टेअरिंगवरून खाली पडले. उघडे पाय सीटवर जवळ ओढून घेतले, तापलेल्या जमिनीवर पाय पडल्यासारखे. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर तसं कधी पाहिलं नाही. लोकांनी गराडा घातला. एकाने दार उघडून त्यांचा सदरा धरला आणि म्हणाला, "खेळ लावलाय का बे? लोकं पान्यावाचून मराया लागलीत अन तू गाडी नाचवतो?" ब्रेक न बसवता भरलेला टँकर घाटात न्यायची अप्पांची तयारी नव्हती आणि एवढी माणसं मागे असताना ब्रेक मारणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. वर घाटावर लोक वाट बघत होते. ते तसेच बसून राहिले, आणि हा माणूस आज इथून उठणार नाही असं मला खरंच वाटलं.

गर्दीच्या कडेला गयाबाई उभी होती. डोक्यावरची घागर तिने उतरवली आणि कडेला ठेवली. मग ती मधे शिरली. तिने कुणाला समजावलं नाही की दटावलं नाही. नळाला लोंबकळणाऱ्यांचे हात धरून खाली ओढले. बायांच्या घागरी उचलून एकेक रस्त्याच्या खाली नेऊन ठेवल्या. तिच्या मागोमाग बायाही गेल्या. पालीत तिला सगळे ओळखत होते, आणि टँकरमध्ये कोण बसलंय तेही. ज्याने सदरा धरला होता त्याने तो सोडला. सगळा रस्ता मोकळा झाला तेव्हा ती एकटी टँकरच्या मागे, कडेला, दोन्ही हात पसरून लोकांना अडवून उभी राहिली. आणि मान वळवून केबिनच्या दिशेने म्हणाली, "मागं कोन न्हाई. जा."

आवाज चढा नव्हता. मला ऐकू आला म्हणजे अप्पांना आलाच.

अप्पांनी पाय खाली सोडले. उरलेले आठ ब्रेक त्यांनी मारले. दर वेळी टँकर वळून आला की ती तिथंच, हात पसरून. दुपारच्या आत पालीच्या घागरी भरल्या आणि उन्हं कलायच्या आधी घाटावरही पाणी पोचलं. उतरताना अप्पा एवढंच म्हणाले, "बोलली ती." मी म्हटलं, हो. घाट उतरेपर्यंत मी बाहेर बघत बसले, कारण त्यांचे गाल ओले होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर तांब्याभर दुधाचा कॅन होता, दार लोटलेलं होतं. गयाबाई त्यानंतर त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? एक वाक्य बोललीस, दुसरं बोलायला काय झालं? आता वय झाल्यावर वाटतं, तिच्याजवळ होतं ते सगळं तिने त्या एका वाक्यात देऊन टाकलं. तेही घागर रिकामी असताना.

पुढे पाऊस झाला, दूध आलं, पण संघ काही सावरला नाही. माणसं आपापल्या वाटेने गेली. पत्रे निघाले, ओटा उरला. काकू वारल्या, मग गयाबाई वारल्याचं पालीहून कळलं. अप्पा उमापूरला भावाच्या मुलांकडे राहायला गेले. शेवटी ज्या दुकानातून पळाले तिथंच गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून त्यांना बसवत. पण ते बसत नसत. दिवसभर दुकानापुढे फेऱ्या मारायचे. त्यांना आता सगळं आठवत नाही, असं पुतण्याने मला फोनवर सांगितलं.

निवृत्त झाल्यावर मी एक छोटी गाडी घेतली. ह्या वयात शिकले, लोक हसले, हसू द्या. विकणाऱ्याने सांगितलं की नव्या गाड्यांना काही करावं लागत नाही, चावी फिरवा आणि चला. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उमापूरला जाऊन अप्पांना घेऊन आले. त्यांनी मला ओळखलं की नाही, नक्की सांगता येत नाही. गाडी मात्र ओळखली. तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून चाकाचा वास घेतला. मी पुढचं दार उघडलं तर मागे जाऊन बसले. चपला काढून सीटखाली सारल्या आणि पाठमोरे होऊन, सीटच्या पाठीवर हात टाकून मागच्या काचेतून बघत राहिले.

पालीजवळ आता मोठा रस्ता झालाय. जुना तुकडा बाजूला पडून आहे, कडेची झाडं गेली आहेत. मी गाडी तिकडे घातली. चाळीसला नेली आणि विचारलं, "अप्पा, मागं कोण आहे?"

"कोन न्हाई."

मी दाबला. पुन्हा नेली, पुन्हा विचारलं. ते बघून सांगत होते, मी दाबत होते. सात ब्रेक झाले. गाडीत लायनरचा तो जळका वास यायला लागला आणि मला आमचा संघ आठवला. आठव्याला अप्पा काचेजवळ वाकले. मी पुन्हा विचारलं.

"सायकलवाला हाय," अप्पा म्हणाले.

मी आरशात बघितलं. रस्ता लांबपर्यंत रिकामा होता. वळून बघितलं, तरी रिकामाच.

"थांबवा, ल्याबबाई," ते म्हणाले. "उभी करा गाडी. जाऊ द्या त्याला म्होरं."

ब्रेक तापलेले होते. त्यांचा आयुष्यभराचा नियम ते मला मोडायला सांगत होते. मी गाडी कडेला घेतली आणि उभी केली. अप्पा मागच्या काचेतून बघत राहिले. मग त्यांची मान हळूहळू वळली, मागच्या काचेवरून बाजूच्या काचेवर, तिथून पुढे. चढावर सायकल मारणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला. तो शेजारून जात असावा तेव्हा त्यांनी हात थोडा वर केला.

मी विचारलं, "गेला का, अप्पा?"

ते समोर पालीकडे बघत होते.

"गेला," म्हणाले. "रिकामे कॅन हायत त्याचे. घरी चाललाय."

राहिलेले ब्रेक मी मारले नाहीत. गाडी सुरू केली आणि ब्रेकला पाय न लावता वारा खात हळूहळू चालवत राहिले. आरशात पाहिलं तर अप्पा नीट बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड पुढे करून.